देवळाचा दगड आणि गावाचा पैसा

स्मरणिका समितीने 'देवळाचा इतिहास' लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकावर सोपविले तेव्हा प्रथम आनंद झाला आणि लगेच पंचाईतही झाली. आपल्या ग्रामदैवताच्या देवळाविषयी कागदावर जे काही आहे ते एका पानात संपते. शिलालेख नाही, सनद नाही. वडीलधाऱ्या मंडळींनी सांगितलेल्या आख्यायिका आहेत, त्या याच अंकात अन्यत्र आल्या आहेत. तेव्हा मी समितीची परवानगी घेऊन विषय थोडा बदलला आहे.

जीर्णोद्धाराची पहिली सभा पारावर भरली होती त्या रात्रीची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. वर्गणीचा आकडा जाहीर झाल्यावर मागच्या बाजूने एक तरुण उठला. माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, शाळेचे पत्रे गळतात. पावसाळ्यात पोरांच्या मधे बादल्या ठेवाव्या लागतात. आणि आपण शिखरासाठी पैसा गोळा करायचा का?" क्षणभर कोणी बोलेना. मग एका वृद्ध गृहस्थांनी 'देवाच्या कामात आडकाठी नको' असे म्हणून विषय संपविला आणि सभा पुढे चालली. मीही गप्प बसलो. एकोणतीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाने गप्प बसावे असा तो प्रश्न नव्हता. त्या गप्प बसण्याची टोचणी मनाला लागून राहिली, म्हणून हा लेख.

देवाच्या घरावर पैसा खर्च करावा की देवाच्या लेकरांवर, हा प्रश्न आपल्याच गावाला पडला असे नाही. तो फार जुना आहे आणि सर्व धर्मांना पडलेला आहे. ख्रिस्ती लोकांच्या चर्चमध्ये तर या प्रश्नावरून एवढे रण माजले की त्या धर्माचे दोन तुकडे झाले. आपल्या देवळाच्या अंकात चर्चची हकिकत कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु शेजाऱ्याच्या घरातील भांडण कधी कधी आपल्या घरातील भांडणापेक्षा स्पष्ट दिसते.

चौथ्या शतकात इटलीतील मिलान येथे अँब्रोज नावाचे बिशप होते. इ. स. ३७८ मध्ये रोमन सैन्याचा मोठा पराभव झाला आणि असंख्य लोक गॉथ टोळ्यांच्या कैदेत पडले. खंडणी दिल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती. अँब्रोज यांनी चर्चमधील पूजेची सोन्याची पात्रे वितळविली आणि माणसे सोडवून आणली. विरोधकांनी 'देवाचे सोने मोडले' म्हणून गिल्ला केला. बिशपांचे उत्तर साधे होते: चर्चजवळ सोने आहे ते कुलुपात ठेवण्यासाठी नव्हे, अडलेल्याच्या कामी येण्यासाठी. त्याच काळात अँटिऑक शहरात जॉन क्रिसोस्टम हे प्रवचनकार श्रीमंत भाविकांना विचारीत असत की, आत वेदीवर रेशीम पांघरता आणि दारात थंडीने काकडणाऱ्याला तसाच सोडता, हा कसला सन्मान? मात्र वेदीला काही वाहूच नका, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आधी दारातला, मग वेदी, असा त्यांचा क्रम होता.

पुढे बाराव्या शतकात फ्रान्समध्ये हा वाद दोन थोर पुरुषांत झाला. बर्नार्ड नावाच्या साधूने इ. स. ११२५ च्या सुमारास मठांतील नक्षीकाम, उंचच उंच छते आणि सोन्याची झळाळी यांवर कडक टीका केली. भिंती झळकतात आणि गरीब उपाशी राहतो, हा त्याचा मुद्दा. दुसरा पुरुष पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाचा महंत सुजे. त्याने आपले चर्च मोठ्या डौलाने पुन्हा बांधले आणि इ. स. ११४४ मध्ये त्याचा नवा भाग वाहिला. सुजेला दिमाख आवडत असे, हे खरेच. परंतु बांधण्याचे जे एक कारण त्याने लिहून ठेवले आहे ते आपल्या जत्रेच्या दिवशी मला हटकून आठवते. जुने चर्च अरुंद होते. सणाच्या दिवशी एवढी दाटी होई की बायका चेंगरत आणि आत शिरलेल्याला बाहेर पडता येत नसे. आपल्या जुन्या सभामंडपाच्या दक्षिण दारात पालखीच्या वेळी काय होई ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सुजेची अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. सुजेने आणखी एक केले. खर्च कसा केला, काय काय बनविले, त्याचा वृत्तांत त्याने स्वतः लिहून ठेवला.

या दोघांत खरा कोण, हे ठरविण्याचे धाडस मी करीत नाही. पण रोममध्ये जे घडले त्याविषयी मात्र मला शंका नाही. तेथील सेंट पीटरचे पुरातन चर्च पाडून नवे भव्य चर्च उभारण्याचे काम पोप दुसरे ज्युलियस यांनी १८ एप्रिल १५०६ रोजी सुरू केले. खर्च अफाट. पुढे पोप दहावे लिओ यांच्या कारकिर्दीत पैसा उभा करण्यासाठी पापाच्या शिक्षेतून माफी देणारी पत्रे जर्मनीत विकली जाऊ लागली. गरिबातला गरीब माणूस मेलेल्या आईबापांच्या सुटकेसाठी गाठीचा पैसा देई. त्याला सांगितले जाई की हा पैसा रोमच्या चर्चला जातो. प्रत्यक्षात निम्मा पैसा माइन्त्सच्या आर्चबिशपने आपल्या पदासाठी फुगर सावकारांकडून काढलेले कर्ज फेडण्याकडे वळत होता. देणाऱ्याला याचा पत्ता नव्हता. मार्टिन ल्यूथर या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने १५१७ साली जे पंचाण्णव मुद्दे मांडले त्यांत एक प्रश्न हाही होता की, एवढे श्रीमंत पोप हे चर्च गरिबांच्या पैशाने का बांधतात, स्वतःच्या का नाही? ते चर्च १६२६ मध्ये वाहिले गेले, म्हणजे कामाला एकशे वीस वर्षे लागली. आज ते जगातील एक आश्चर्य आहे. परंतु त्याचा घुमट पुरा होण्यापूर्वीच अर्धा युरोप रोमपासून तुटून निघाला होता.

आता आपल्या घरी येऊ. पंढरपूरला विठ्ठलमंदिरात 'चौऱ्यांशीचा लेख' आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भोळी समजूत. त्यामुळे शतकानुशतके पाठी घासून दगड गुळगुळीत झाला. पण त्या दगडावर कोरले आहे काय? मंत्र नाही, स्तोत्र नाही. ती वर्गणीची यादी आहे! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात कोणत्या भक्ताने विठ्ठलाला किती दिले त्याचा तो हिशेब आहे. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव त्यात आहे, त्याचा मंत्री हेमाद्रीपंडित आहे आणि त्यांच्याच ओळीत सामान्य भक्तजन आहेत. हल्ली वर्गणीदारांच्या नावांच्या फरश्या लावतात म्हणून आपण हसतो. ही चाल निदान साडेसातशे वर्षांची आहे. राजाने एकट्याने देऊळ सजवून दिले असते तर त्याला कोण अडविणार होते? तरी यादी झाली, रकमा लिहिल्या गेल्या आणि दगडावर कोरल्या गेल्या. माझ्या मते त्या देवस्थानाचे बळ तेथे आहे.

पण हीच पंढरी दुसरी गोष्टही सांगते, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्या यादीनंतर साठेक वर्षांनी, शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत संत चोखोबा होते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्याच्या हातून भिंती उभ्या राहिल्या त्याला देवळाच्या भिंतीआड प्रवेश नव्हता. समाधीसुद्धा दाराबाहेर. चोखोबांच्या समाजाला ते दार उघडण्यास पुढे सहाशेहून अधिक वर्षे लागली. साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले, आणि १० मे रोजी मंदिर हरिजनांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर त्यांनी ते सोडले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

नाशिकचे काळाराम मंदिर आपल्यातील बहुतेकांनी पाहिले आहे. पेशवाईतील सरदार रंगराव ओढेकर यांनी ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविले. रामशेजच्या डोंगरातील काळा दगड, बारा वर्षे काम, दोन हजार कामकरी आणि तेवीस लाख रुपये खर्च, असे सांगतात. त्या काळचे तेवीस लाख! एवढा पैसा ओतून उभारलेल्या त्या मंदिराच्या बंद दारांसमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष सत्याग्रहाला उभे राहिले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्यांत आघाडीवर होते. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. लढा पाच वर्षे चालला, दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तेवीस लाखांचा दगड जागच्या जागी राहिला आणि माणसे निघून गेली. रोमचे चर्च आणि नाशिकचे मंदिर यांची गोष्ट मला येथे एकसारखी वाटते. पैसा अपुरा पडला म्हणून यांतील कोणतेच देवस्थान उणे ठरले नाही.

नाशिकचा सत्याग्रह सुरू झाल्यापासून वर्षाच्या आतच, म्हणजे २२ फेब्रुवारी १९३१ रोजी, रत्नागिरीला भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने बांधलेले पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले झाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यामागे सावरकरांची प्रेरणा होती. भागोजीशेठ स्वतः गरिबीतून वर आलेले, आणि ज्या समाजाला इतर देवळांत आडकाठी होत असे त्यातले. त्यांनी शाळाच का बांधली नाही, असे त्यांना विचारावयास माझी जीभ रेटली नसती.

आता पैसा कोणाचा, या प्रश्नाकडे वळतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव घेतल्याशिवाय जीर्णोद्धार हा शब्दही उच्चारू नये. सन १७६७ ते १७९५ हा त्यांचा कारभाराचा काळ. काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद अशी कितीतरी देवस्थाने त्यांनी पुन्हा उभी केली, आणि त्यांतील बहुतेक त्यांच्या राज्याबाहेरची होती. परंतु आपण कीर्तनात जे सांगत नाही ते असे की त्यांनी यासाठी दौलतीच्या, म्हणजे राज्याच्या, खजिन्याला हात लावला नाही. होळकरांकडे दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब होते; धर्मकार्याचा खर्च बाई खासगीतून करीत. देवळाबरोबर घाट, विहीर, धर्मशाळा, अन्नछत्र हेही त्यांच्या कामात असे. आणि पुढे पूजेअर्चेची, दिवाबत्तीची नेमणूकही त्या करून ठेवीत. बांधून मोकळे होणारे पुष्कळ असतात. दिवाबत्तीचे तेल कोठून येणार, याचा विचार करणारे थोडे.

गंमत पहा, तोच प्रश्न त्याच सोमनाथला पुन्हा निघाला. १३ नोव्हेंबर १९४७ रोजी सरदार वल्लभभाई पटेल सोमनाथला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर आपले काकासाहेब गाडगीळ होते; ते त्या वेळी केंद्रात बांधकाम खात्याचे मंत्री होते. मंदिर पुन्हा बांधण्याची घोषणा तेथेच झाली आणि जामसाहेबांनी एक लाख रुपये जाहीर केले. सरकारच बांधून देणार, अशीच पुष्कळांची समजूत झाली. पंधरा दिवसांनी, २८ नोव्हेंबरच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी सांगितले की यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा जाता कामा नये. तिजोरी सर्वांची आहे, देऊळ बांधायचे तर भाविकांनी वर्गणी काढून बांधावे. सरदारांनी ते मान्य केले. विश्वस्त मंडळ नेमले, लोकांकडून पैसा आला आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. राष्ट्रपतींनी जावे की न जावे यावरून पंडित नेहरूंशी मतभेद झाले, तो भाग निराळा. अहिल्यादेवींनी सन १७८३ मध्ये बांधलेले देऊळ जवळच आहे. जाणाऱ्यांनी दोन्ही पाहावीत.

गाडगेबाबांचे नाव मी मुद्दामच शेवटी ठेवले होते, कारण त्या तरुणाच्या बाजूने सर्वांत मोठा साक्षीदार तेच आहेत. १९०५ साली घर सोडल्यापासून १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत या माणसाच्या हातून लाखो रुपये गेले. अंगावर मात्र चिंध्याच राहिल्या. पैसा गेला तो धर्मशाळांत. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. वारीला सर्व लोक देवळाकडे धावत तेव्हा बाबा वाळवंट झाडीत असत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. दाराबाहेर ज्याची समाधी त्याच्या नावाचे छप्पर, आणि ते पुढे विद्यार्थ्यांच्या कामी! माझ्या लहानपणी आमचे वडील बाबांच्या कीर्तनाची आठवण सांगत. ते म्हणत, बाबा देवळावर रागावलेले नव्हते, देवळाच्या आडून माणसाकडे पाठ फिरविणाऱ्यावर रागावलेले होते.

हे सारे वाचून मी आपल्या कामाकडे पाहू लागलो तेव्हा दोन-तीन गोष्टी समितीपुढे मांडल्या. त्यांतील एक अगदी व्यवहाराची. जुन्या घडीव दगडावर ऑइलपेंट चढवू नये आणि त्याला फरशीने झाकू नये. २०२४ साली पंढरपुरात विठ्ठलाच्या गाभाऱ्यातील पुढच्या काळात बसविलेल्या फरश्या काढून मूळ दगड पुन्हा मोकळा करावा लागला; म्हणजे एकदा झाकण्याचा खर्च आणि एकदा उघडण्याचा. आपल्या गाभाऱ्याचा दगड तसाच ठेवण्याचे मंडळींनी मान्य केले. संगमरवराचे पैसे वाचले. शिखराची उंचीही पहिल्या नकाशाहून कमी करण्यात आली. त्यावर बराच वाद झाला आणि काही मंडळी अजून नाराज आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट माझ्या बालमित्राची. तो मातंगवस्तीतला. आम्ही एका बाकावर बसत असू. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ साली झाला होता, पण तो आपल्या गावात पोचण्यास फार दिवस लागले. नवरात्रात मी देवळात जाई आणि तो तिसऱ्या पायरीवर थांबे. कोणी थांब म्हणत नसे. त्याला ठाऊक होते. मीही त्याला कधी चल म्हटले नाही. पुढे तो रेल्वेच्या कारखान्यात लागला, निवृत्त झाला, मुलाकडे राहतो. वर्गणीचे पत्र त्यालाही गेले. अकरा हजार रुपये आले, आणि सोबत चिठ्ठी: "ती पायरी काय केलीत?" मी गवंड्याला विचारले. जुन्या पायऱ्यांचे दगड फोडून नव्या जोत्याच्या भरावात घातले होते. तसे त्याला कळविले. पायाभरणीला तो आला होता, गाभाऱ्यात गेला, पुष्कळ वेळ बसला. काय मनात होते ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. देवस्थान १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले आहे, त्यामुळे तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे जातातच. पण गावाला ते दिसत नाहीत. या अंकाच्या शेवटी वर्गणीदारांची यादी आहे, तीत पाच रुपयांपासून पुढे सर्वांची नावे रकमेच्या नव्हे तर मिळाल्याच्या क्रमाने आहेत. आणि समोरच्या पानावर खर्च आहे, चुना, दगड, मजुरी, मांडव, भोजन, सर्व. बेरजेत चूक आढळल्यास समितीस कळवावे.

शाळेच्या पत्र्यांसाठी वेगळी वही केली आहे. देवळाची शिल्लक तिकडे वळविता येणार नाही, कारण ती देवळासाठी दिली गेली आहे. रोमची चूक आपण करावयाची नाही. वही मारुतीच्या पारासमोरच्या दुकानात ठेवली आहे. पहिले नाव त्या सभेत उठलेल्या तरुणाचे आहे, दुसरे त्याला गप्प बसविणाऱ्या वृद्ध गृहस्थांचे. मृगापूर्वी काम सुरू करावयाचे आहे आणि आजमितीस सुमारे निम्मी रक्कम जमली आहे.